हातातलं सामान, सात किलो

६ जुलै २०२५, रविवार

ही डायरी बँकेने फुकट दिलेली. सहा महिने टेबलावर कोरी पडून होती. आजपासून तिला काम लागलं. मी आणि आग्नेस मनिलाला जाणार आहोत.

चर्चमधल्या सकाळच्या मिस्सानंतर ॲन्सेल्म घरी आला. आमच्या गॉडफ्रेबरोबर तो एकाच बोटीवर होता, सध्या सुट्टीवर आलाय. चहा पिता पिता म्हणाला, फिलिपिन्सला जायला आता आपल्या लोकांना व्हिसा लागत नाही, चौदा दिवस राहता येतं. मी पेपर चाळत होतो. आग्नेस पाव कापत होती. ती थांबली आणि म्हणाली, "मग आपण जाऊ या."

पाच वर्षांत तिने मनिलाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नाही. आमचा मुलगा तिथे आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये बोटीवर त्याचं अपेंडिक्स फुटलं, किनाऱ्याला आणेपर्यंत उशीर झाला. एकोणतीस वर्षांचा होता. विमानं बंद, सगळं जगच बंद. कंपनीच्या एजंटाने त्याला तिथल्याच एका सिमेट्रीत ठेवलं. एक फोटो पाठवला होता. आपल्यासारखी जमिनीत कबर नाही, सिमेंटची उंच भिंत आणि तिच्यात ओळीने कप्पे. त्याचा कप्पा खालून तिसरा.

पासपोर्ट आहेत. २०१९ साली गॉडफ्रेनेच काढून दिले होते. पप्पा, तुम्हाला नि मम्मीला सिंगापूर दाखवतो म्हणायचा. आतली सगळी पानं अजून कोरी आहेत.

९ जुलै, बुधवार

जीनाने तिचा जुना लॅपटॉप आणून दिला. जीना आमची मुलगी, नायगावला चौदाव्या मजल्यावर राहते, खाडी दिसते म्हणून कौतुक सांगते. ती म्हणाली, पप्पा, तिकिटांचं काम एजंटला देऊन टाका, कशाला डोकेफोड करता. एजंट काय करणार जे मला जमत नाही? सदतीस वर्षं मी अंधेरीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं, एक खिळा इकडचा तिकडे झाला नाही.

माझे नियम ठरले. एजंट नाही. विमानतळावरून टॅक्सी नाही, बस आहे. खोलीत किटली पाहिजे, म्हणजे चहा आपला आपण. बरोबर सुकेळी न्यायची, आपल्याच वाडीतली राजेळी केळी वाळवून केलेली; दोन वेळा भागतं. पाच दिवसांत ट्रिप उरकायची. कमी खर्चात परदेश कसा करतात ते आळीतल्या लोकांनी बघावं.

आग्नेस एवढंच म्हणाली, "ट्रिप म्हणू नका."

मग काय म्हणू?

एक गोष्ट लिहून ठेवतो, उगाच. ती पूर्वी मला 'गॉडफ्रेचे पप्पा' म्हणायची. पहिला मुलगा झाला त्या दिवसापासून. तो गेला आणि तेही गेलं. आता ती काहीच म्हणत नाही, सरळ बोलायला सुरुवात करते. माझ्याशीच बोलते आहे हे मी ओळखायचं. मी कधी कुरकुर केलेली नाही.

२० जुलै, रविवार

भांडण झालं. कप्प्याचा नंबर पाहिजे होता म्हणून कपाटातली निळी फाइल काढली. गॉडफ्रेचे सगळे कागद तिच्यात तारखेने लावलेले आहेत. उघडतो तर मृत्यूचा दाखला जागेवर नाही, कंपनीचे कागद नाहीत. माझा पारा चढला. माझ्या फाइलला या घरात कोणी हात लावत नाही.

कागद आग्नेसकडे होते, घरातल्या देवाच्या आल्तारावर जपमाळेच्या डबीखाली. तिने दुकानात नेऊन झेरॉक्स काढल्या होत्या, तीन तीन प्रती! मी विचारलं, कशाला? तर तिने डबी परत जागेवर ठेवली. मी बोलून गेलो, "तुला कळतात का ते कागद? इंग्रजी आहेत."

"आता कळतात," ती म्हणाली. जीनाने वाचून दाखवले म्हणे.

कागद मी परत लावले. उलटसुलट झाले होते, कंपनीचा कागद पालथा ठेवला होता. तो मी सरळही केला नाही. तसाच आत सरकवला आणि फाइल बांधली. त्या कागदाकडे मी बघत नाही. त्याला कारण आहे आणि ते इथे लिहायचं नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आग्नेस केळ्यांची फणी घेऊन ॲन्सेल्मच्या घरी गेली ती दोन तासांनी आली. एवढं काय बोलत होतीस म्हणून विचारलं. तिथलं सगळं विचारून घेतलं, म्हणाली. मला वाटतं जेवणाखाण्याचं असणार, तिला तिखटाशिवाय घास जात नाही.

संध्याकाळी ॲन्सेल्म रस्त्यात भेटला. एरवी थांबून बोलणारा माणूस, आज घाईत निघून गेला. जाता जाता एवढंच म्हणाला, अंकल, तिकिटं लवकर काढा. मी सांगितलं, घाई करणारा फसतो, भाव उतरू दे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

मातेचा सण. मिस्साला गर्दी. दुपारी लॅपटॉप घेऊन बसलो आणि खोली शोधली. सिमेट्रीपासून चालत बारा मिनिटं, किटली आहे, संडास सामायिक. आग्नेसला दाखवली. तिने खोलीकडे पाहिलंच नाही. विचारलं, भारतीय वकिलात तिथून किती लांब? वकिलातीत आपलं काय काम! पासपोर्ट हरवला तर लागते, आणि माझ्याकडून कागद हरवत नाही.

मग सामानाचं निघालं. स्वस्त तिकिटावर बॅग टाकता येत नाही, हातातलं सामान फक्त सात किलो. मला वाटलं ती वैतागेल. तर तिने विचारलं, "जाताना बॅग रिकामी असली तर चालते?"

चालते, पण रिकामी बॅग कोण नेतं? मी हसलो. ती हसली नाही. येताना काही घ्यायचं असेल तिला. बाजार करणारी बाई नव्हती ती कधी, पण परदेश म्हटल्यावर माणूस बदलतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आग्नेस शिवतेय. गॉडफ्रेच्या बाप्तिस्म्याचा पांढरा झगा तिने पेटीत जपून ठेवला होता. तो उसवून त्याची पिशवी केली, तोंडाला नाडी. सुकेळ्यांसाठी का, असं मी विचारलं तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर जाऊन पंप चालू केला. केळींना पाण्याची गरजही नव्हती.

३१ ऑगस्ट, रविवार

मिस्सानंतर आग्नेस फादरांकडे थांबली. मी सायकलीपाशी ताटकळत उभा. बाहेर आल्यावर फादरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "क्लेमेंट, चर्चची काही अडचण नाही. पवित्र माती मिळाली म्हणजे झालं."

आत्ता कळलं. तिला इथली माती न्यायची आहे, कप्प्यासमोर टाकायला. आपली वाडी, आपली माती. कल्पना मला आवडली, डोळ्यांत पाणी आलं हेही लिहून ठेवतो. घरी येऊन नियम बघितले तर विमानातून माती नेता येत नाही, कुठलाच देश आत घेत नाही. तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "माती न्यायची नाहीये मला."

बाईमाणसाला समजून घेताना नाकी नऊ येतात. मी नाद सोडला.

१० सप्टेंबर, बुधवार

तिकिटं काढली! दोन माणसं, क्वालालंपूरला विमान बदलून, १४ जानेवारी. ऑक्टोबरच्या भावात आणि या भावात निम्म्याचा फरक. सवलत दुपारी दोनपर्यंतच होती. तिकिटं परत होत नाहीत, तारीख बदलत नाही. पण बदलायची कशाला?

आग्नेस गेला आठवडाभर म्हणत होती, वीस ऑक्टोबरच्या आत. मी विचारलं, का? चोवीस ऑक्टोबरला त्याला ठेवलं, ती तारीख गाठायची असेल तर तिथे जाऊन मेणबत्तीच लावायची ना? जानेवारीतही मेणबत्ती पेटते. ती म्हणाली, "तुमच्या फाइलमध्ये कंपनीचा कागद आहे. तो वाचा. पाठीमागून वाचा."

मी म्हटलं, तो मला पाठ आहे. हे खोटं होतं. आणि मी दोनच्या आत बटण दाबलं.

तिला सांगितलं तेव्हा ती ओट्याशी होती. कोयता घेऊन वाडीत गेली आणि उभी केळ तोडून आली, घड पंधरा दिवसांवर आलेला असताना. मी ओरडणार होतो, पण तिच्या हाताकडे बघून ओरडलो नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

चार दिवस घरात शब्द नाही. जेवण वाढते, कपडे धुते. आज नायगावला जीनाकडे गेली आणि संध्याकाळी आली. चेहरा जरा शांत वाटला. म्हणजे जानेवारी तिला पटली असणार. वेळ गेला की सगळं पटतं.

२१ सप्टेंबर, रविवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

सकाळी सिमेट्रीत गेलो. दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस, त्याआधी माझ्या आईबाबांच्या कबरीला चुना मारून घ्यायचा असतो. खणायचं नि चुन्याचं काम धर्मा करतो. तो चांदीप गावचा, भातशेती करून आठवड्याचे तीन दिवस इकडे असतो. आमच्या घरातल्या तीन माणसांचे खड्डे त्यानेच खणले. आपल्याकडे पद्धत अशी की घरातलं पुढचं माणूस जाईपर्यंत कबर उघडायची नाही. उघडली की आधीच्या माणसाची हाडं धुऊन, कापडात बांधून, पायाशी ठेवायची आणि नव्याला जागा करायची. एकाच मातीत घरचे सगळे.

धर्मा चुना कालवता कालवता म्हणाला, "शेठ, खड्डा ल्हानच काढू ना? बाय सांगून गेली, पोराला आजीच्या पायाशी ठेवायचा. दीड हात पुरंल."

मी विचारलं, कोणत्या पोराला?

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याच," म्हणाला. "बाय त्याला आनायला चाललीय ना?"

सायकल तिथेच राहिली. चालत घरी आलो. रिकामी बॅग. झग्याची पिशवी. वकिलात. फादर. अडीच महिने मी सगळं या डायरीत टिपून ठेवलं आणि एकाचीही बेरीज केली नाही. आग्नेस चर्चमध्ये रोझरीला गेली होती. मी फाइल काढली आणि कंपनीचा कागद पाठीमागून वाचला.

पाठीमागे लिहिलंय: जागा पाच वर्षांसाठी. मुदतीनंतर कप्पा रिकामा करून अवशेष सामायिक जागेत हलवण्यात येतील. मुदतीच्या आत नातेवाइकांनी मागणी केल्यास अवशेष ताब्यात मिळतील. तारीख २४ ऑक्टोबर २०२०.

स्टोअरला नवीन लागलेल्या प्रत्येकाला मी सांगायचो, अटी पाठीमागे असतात, आधी पान उलटा. कबर भाड्याची असते हे माझ्या डोक्यातच कधी आलं नाही. आमच्याकडे कबरीला मुदत नसते. जानेवारीत मी तिला घेऊन गेलो असतो, किटलीची खोली घेऊन, आणि त्या कप्प्यात दुसऱ्याच कुणाचं माणूस असतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

जे लिहायचं नव्हतं ते आज लिहितो, नाहीतर या वहीला अर्थ नाही.

त्या कागदाच्या पुढच्या बाजूला दोन चौकोन आहेत. पहिला: मृतदेह शीतगृहात ठेवावा आणि विमानं सुरू झाल्यावर कंपनीच्या खर्चाने घरी पाठवावा. दुसरा: स्थानिक दफन. खूण दुसऱ्या चौकोनात आहे. खाली माझी सही आहे.

आग्नेस तेव्हा कोविड सेंटरमध्ये ऑक्सिजनवर होती. गॉडफ्रे गेल्याचं तिला सांगितलंही नव्हतं. एजंटाचा फोन दिवसातून तीन तीनदा यायचा. दोन महिने लागतील, चार लागतील, सांगता येत नाही म्हणायचा. माझा मुलगा शीतगृहात आहे आणि त्याच्याबद्दल मला रोज फोन येणार, हे मला सोसवेना. ते संपावं असं मला वाटलं. मी खूण केली, सही केली, मोबाइलवर फोटो काढून पाठवला. पाच मिनिटं लागली नाहीत. वाचलं नाही.

ती घरी आल्यावर तिला सांगितलं, सरकारचा नियमच तसा होता, आपल्या हातात काही नव्हतं. तिने विश्वास ठेवला. डिसेंबरात त्याच कंपनीने केरळच्या एका मुलाचा देह घरी पाठवल्याचं ॲन्सेल्मने सांगितलं, तेव्हा मी उठून वाडीत गेलो होतो.

आज दिवसभर तिच्यासमोर बसायचं धैर्य झालं नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सांगितलं. दुपारी, ओटीवर. ती सुकेळी उलटत होती. मी सगळं सांगितलं, दोन चौकोन, फोन, खोटं बोललो ते. सांगताना रडलो. ती उलटत राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "जुलैपासून माहीत आहे. मला वाटलं तुम्ही स्वतःहून सांगाल. कागद बाहेर काढले, कंपनीचा पालथा ठेवला, पाठीमागून वाचा म्हटलं. अजून काय करायचं होतं मी?"

मी म्हटलं, जानेवारीची तिकिटं जाऊ देत, उद्याच्या उद्या दुसरी काढतो. ती म्हणाली, काढली आहेत. तिची आणि जीनाची. १३ ऑक्टोबर. त्या रविवारी नायगावला गेली होती ती त्यासाठी. सगळी चौकशी ॲन्सेल्मकडून आणि वकिलातीला पत्र लिहून झाली होती. हाडं विमानातून आणणं फार कठीण. तिथे दहन करून, दाखले घेऊन, रक्षा हातात आणता येते. आमच्या घराण्यात आजवर कुणाला जाळलेलं नाही. ती दोन महिने फादरांना तेच विचारत होती.

मी म्हटलं, मीही येतो. तिसरं तिकीट काढू.

"तुम्ही इथे राहा," ती म्हणाली. "तो येईल तेव्हा दारात घरचं माणूस पाहिजे."

ही शिक्षा आहे की काम, मला कळलेलं नाही. विचारायची माझी ऐपत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

वकिलातीचं उत्तर आलं. २०२० मध्ये ज्याने सही केली त्याचंच संमतिपत्र लागेल. म्हणजे माझं. एव्हरशाईन सिटीतल्या एका वकिलाकडे नोटरीसाठी गेलो, आग्नेस आणि मी, रिक्षाने.

वकिलाने कागद पुढे केला आणि सहीची जागा दाखवली. मी चष्मा लावला. पुढची बाजू वाचली, पान उलटलं, मागची कोरी होती तरी बघितली. पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने वाचली, एकेक ओळ मराठीत सांगत. वकील घड्याळाकडे बघत होता, बाहेर लोक खोळंबले होते. आग्नेस ऐकत होती. पूर्ण झाल्यावर मी तिला विचारलं, "करू?"

तिने मान हलवली. मग सही केली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

गेल्या. आग्नेसच्या खांद्यावर जीनाची निळी बॅग, आत एक साडी, कागदांची फाइल आणि ती पिशवी. बाकी रिकामी. फाइल मी लावून दिली, तारखेने, प्रत्येक कागदाच्या तीन प्रती. सुकेळीचा डबा जीनाच्या बॅगेत. सिक्युरिटीकडे वळताना आग्नेसने मागे पाहिलं नाही. जीनाने हात केला.

घरी आल्यावर दोन माणसांचा भात टाकला सवयीने.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी जीनाचा फोन. आज कप्पा फोडला. तिथल्या माणसांनी सगळं एका प्लास्टिकच्या पोत्यात भरायला घेतलं, तर मम्मीने पोतं बाजूला सारलं आणि पाण्याची बादली मागितली. जमिनीवर बसली आणि एकेक हाड स्वतः धुतलं, आपल्याकडच्या बायका धुतात तसं. तिथल्या दोन बायका काही न विचारता शेजारी येऊन बसल्या आणि पाणी ओतू लागल्या. तासभर लागला.

मी फोन धरून बसलो. मग जीना म्हणाली, "पप्पा, तो पुढचा अर्धा दात. मम्मीने बघितला आणि म्हणाली, हाच आहे."

चिकूच्या झाडावरून पडला होता, नऊ वर्षांचा असताना. मीच झाडावर चढवलं होतं.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, पाच वर्षं मलाही खात्री नव्हती. त्या भिंतीत खरंच तोच आहे की नाही, हे मी स्वतःला कधी विचारू दिलं नव्हतं. तिने ते विचारत विचारत पाच वर्षं काढली असतील.

२० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी. शेजारच्यांनी फराळ आणून दिला. दहन झालं, सगळे दाखले मिळाले असा निरोप आला. धर्माला बोलावून सिमेट्रीत गेलो. तो कुदळ घ्यायला लागला तेव्हा मी म्हटलं, मला दे. त्याने दिली. दीड हात खड्डा मी खणला. चौसष्टाव्या वर्षी दीड हातही पुष्कळ आहे. आईची हाडं धर्माने हळूच बाजूला केली आणि म्हणाला, "शेठ, म्हातारीने जागा ठेवलीय."

२२ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी विमानतळावर ॲन्सेल्म गाडी घेऊन आला. त्याने बोटीवर जायची तारीख पुढे ढकलून घेतली होती, हे मला आज कळलं. जीना ट्रॉली ढकलत आली. आग्नेसकडची निळी बॅग ट्रॉलीवर नव्हती. तिने ती पुढून छातीशी धरली होती, दोन्ही हातांनी. खूप थकली होती. मी हात पुढे केला तर तिने मानेनेच नको म्हटलं.

गाडीतही मांडीवरच. घर आलं तेव्हा मी आधी उतरलो, आत गेलो, आल्तारावरची मेणबत्ती पेटवली आणि दारात उभा राहिलो. ती पायरीशी थांबली. मेणबत्तीकडे पाहिलं, मग आत आली.

बॅग आज त्याच्या खोलीत, त्याच्या खाटेवर आहे. ती शेजारी बसून आहे. मी दाराशी स्टूल घेऊन बसलोय आणि इथेच लिहितोय.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मुदत संपली.

दहा वाजता फादर आले. घरची माणसं, ॲन्सेल्म, धर्मा, एवढेच. आळीत कुणाला सांगितलं नव्हतं, तरी बायका जास्वंद नि झेंडू घेऊन येऊन उभ्या राहिल्या. फादरांनी प्रार्थना केली, पाणी शिंपडलं. आग्नेसने बॅगेतून पिशवी काढली. झग्याची नाडी पक्की बांधलेली होती. बाप्तिस्म्याच्या दिवशी तो झगा घालताना गॉडफ्रे किती रडला होता, ते माझ्या आईने सगळ्यांना वर्षानुवर्षं सांगितलं होतं.

फादरांनी हलकेच विचारलं, कोण ठेवणार? मी एक पाऊल मागे सरलो. मला वाटलं, हे तिचं आहे. तिने आणलं, तिने धुतलं. मी आपली माती लोटेन.

आग्नेस माझ्याकडे वळली. तिने पिशवी माझ्यासमोर धरली.

"गॉडफ्रेचे पप्पा," ती म्हणाली, "धरा. नीट धरा."

मी धरली. मग गुडघ्यांवर बसलो आणि त्याला माझ्या आईच्या पायाशी ठेवलं.